श्रेयनामावलीतलं एक नाव

गेल्या हिवाळ्यात मराठवाड्यातल्या एका कॉलेजात माझी शॉर्टफिल्म दाखवली. बावीस मिनिटांची फिल्म, नाव 'गादी'. नंतर प्रश्नोत्तरं झाली. नेहमीचे प्रश्न आले: कॅमेरा कोणता, खर्च किती, पुढे काय. सगळे उठायला लागले तेव्हा मागच्या रांगेतला बारावीचा एक मुलगा पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, आपल्यातलं कुणी यात शिरतं कसं?"

'आपल्यातलं' म्हणजे काय, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लहान गावातलं, गरीब घरातलं, मुसलमान, बहुधा तिन्ही. मी त्याला ऑडिशनबद्दल सांगितलं, एडिटिंग शिक म्हणालो, नंबर दिला. परतीच्या एसटीत मात्र लक्षात आलं की मी त्याला फक्त सोयीचं अर्धं उत्तर दिलं. इंडस्ट्रीचं दार आपल्याला सहज उघडत नाही, हे मी पाच ठिकाणी बोललो आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत. आपल्या घरातलं दार कुणासाठी बंद होतं आणि त्या वेळी मी कुठे उभा होतो, हे कधीच बोललो नाही. म्हणून हा लेख.

बार्शी

मी बार्शीचा. अब्बांचं गाद्यांचं दुकान आहे. मागे कापूस पिंजायचं मशीन, पुढे शिलाई. कापसाची बारीक धूळ आमच्या घरात इतकी, की शाळेत मास्तर म्हणायचे, "डोकं झाडून ये." सिनेमाशी घरातल्या कुणाचा संबंध नव्हता. पण गावाचा होता. शाहीर अमर शेख आमच्या बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गिरणी कामगार, पुढे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. 1961 च्या 'प्रपंच' या मराठी चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, अब्बांच्या दुकानात बसणाऱ्या एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराकडून कळलं. तो मला म्हणायचा, "तुमचा माणूस होता." आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त करायचा, "तुमचा म्हणजे आपला."

आमच्या घरात नट मी नव्हतोच. माझी मोठी बहीण होती. तिला आम्ही सगळे आपा म्हणतो. ती आठवीत असताना गॅदरिंगमध्ये तिने जिजाऊंची भूमिका केली. नऊवारी शेजारच्या काकूंनी नेसवली. तिने पहिलं वाक्य उच्चारलं आणि मागे शेंगा खाणारी पोरं थांबली, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्या वर्षीचं अभिनयाचं बक्षीस तिला मिळालं. अम्मीने ते कपाटावर ठेवलं. आठवडाभर येणारा-जाणारा ते बघायचा.

पुढच्या वर्षी ती नववीत गेली. कोण काय म्हणालं, मला नीट माहीत नाही. मोहल्ल्यातल्या कुणीतरी अब्बांना टोकलं असावं, नात्यातल्या कुणीतरी अम्मीला. घरात भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. एक दिवस अब्बा जेवताना म्हणाले, "अब बस. बडी हो गयी." आपाने मान हलवली आणि मला आणखी एक रोटी वाढली.

त्याच वर्षी शाळेच्या नाटकात सातवीतला एक मुलगा कमी पडत होता. बाई म्हणाल्या, तू अमकीचा भाऊ ना, ये. मला पहिली भूमिका तिच्या नावावर मिळाली. घरी सांगितलं तेव्हा अब्बा हसले आणि म्हणाले, "कर, मर्द का बच्चा है." मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्या वयात काही बोलायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण पुढे मी अठरा झालो, बावीस झालो, आणि तेव्हाही गप्पच राहिलो. कारण ती थांबली म्हणून मला जागा मिळाली होती, आणि ही गोष्ट उकरून काढण्यात माझा काही फायदा नव्हता.

पुण्यातला कान

बारावीनंतर पुण्यात आलो. नाव कॉमर्सला, जीव एकांकिकेला. पुरुषोत्तम करंडक म्हणजे काय, हे पुण्यात शिकलेल्याला सांगावं लागत नाही. भरत नाट्य मंदिरात आरोळ्या सुरू झाल्या की पोटात गोळा येतो. पहिली दोन वर्षं मी बॅकस्टेजला होतो. सेट उचलला, प्रॉपर्टी सांभाळली, लाइट्सच्या मुलाला चहा आणून दिला. तिसऱ्या वर्षी रंगमंचावर आलो.

तालमीत माझी भाषा दुरुस्त केली जायची. आमच्या घरात दखनी बोलतात, बाहेर बार्शीची मराठी. दिग्दर्शक म्हणायचा, तुझा 'ण' नीट येत नाही, वाक्य शेवटी वर जातं. मला वाटायचं, मुसलमान म्हणून हे चाललंय. मग लक्षात आलं की परंड्याहून आलेल्या माझ्या रूम पार्टनरला, पक्क्या मराठा घरातल्या पोराला, तेच ऐकून घ्यावं लागतंय. पुण्याचा कान आम्हा दोघांनाही सारखाच परका होता. हे मी मुद्दाम लिहितो. आपल्याला लागलेली प्रत्येक ठेच धर्माची नसते. काही गावाची असते, काही जातीची, काही खिशाची. हे वेगळं करून पाहिलं नाही, तर जी ठेच खरोखर धर्माची आहे तिच्याबद्दल बोलताना आपलं कुणी ऐकत नाही.

त्याच काळात कॉलेजच्या फिल्म क्लबात 'शेजारी' पाहिला. 1941 साली व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी पुण्यातच केलेला. जिवा पाटील आणि मिर्झा, एक हिंदू, एक मुसलमान, जिवलग दोस्त. धरण बांधणारा धनदांडगा त्यांच्यात फूट पाडतो, आणि शेवटी फुटणाऱ्या धरणावर दोघे एकमेकांचा हात धरून मरतात. मिर्झा झाले होते गजानन जागीरदार. हाच सिनेमा हिंदीत 'पडोसी' नावाने झाला. त्यातही मिर्झा जागीरदारच, आणि हिंदू मित्राच्या भूमिकेत मझहर खान. म्हणजे मुसलमानाची भूमिका हिंदू नटाकडे आणि हिंदूची मुसलमान नटाकडे. फाळणीच्या सहा वर्षं आधी एका मराठी दिग्दर्शकाला हे करता आलं. प्रेक्षकांनीही ते स्वीकारलं.

आणखी मागे गेलो तर एक नाव सापडतं, जे आपल्या घराघरात माहीत असायला हवं. फातमा बेगम. 1926 साली त्यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. स्वतःची चित्रपट कंपनी काढली. 1931 चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची नायिका झुबेदा ही त्यांचीच मुलगी. नायक मास्टर विठ्ठल. शंभर वर्षांपूर्वी एक मुसलमान बाई कॅमेऱ्यामागे उभी राहून हुकूम देत होती. आणि 'आपल्यात हे चालत नाही' असं आपण आज नववीतल्या मुलीला सांगतो. आपल्यात म्हणजे नक्की कुठल्या आपल्यात?

आराम नगर

पुण्यातून मुंबईत गेलो. वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये जुन्या बैठ्या बंगल्यांतून ऑडिशनं चालतात. बाहेर फळीवर किंवा दारावर कागद, त्यावर लिहिलेलं असतं कोण हवं आहे. आत गेलं की नाव, वय, उंची, डावी बाजू, उजवी बाजू, हात दाखवा, मग दोन मिनिटांचा प्रवेश. बहुतेक वेळा दारातच 'नॉट फिट' म्हणून परत. यात अपमान मानायचा नाही, हे पहिल्या महिन्यातच शिकावं लागतं. काम मिळालं तरी मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी, त्यातून कोऑर्डिनेटरचं कमिशन कापून. मधले दिवस मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करून काढले. निकाहचे, लग्नांचे, बारशांचे. आज मी जे एडिटिंग करतो ते तिथे शिकलो.

हे सगळं कुठल्याही होतकरू नटाच्या वाट्याला येतं. आता जे वेगळं आहे ते.

पहिली दोन वर्षं मला ज्या भूमिकांसाठी बोलावलं गेलं, त्या अशा: अतिरेक्याचा साथीदार, कसाई, गॅरेजवाला, दर्ग्यातला कव्वालीवाला, पोलिसांनी पाठलाग केल्यावर हातगाडी उलटणारा. एका मराठी मालिकेसाठी नायिकेच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याची भूमिका जवळजवळ ठरली होती. शेवटच्या फोनवर माणूस म्हणाला, "श्रेयनामावलीत नुसतं पहिलं नाव लिहिलं तर चालेल का? किंवा दुसरं काही? प्रेक्षकवर्ग बघावा लागतो." तो वाईट माणूस नव्हता. त्याने ते जवळजवळ माफी मागत विचारलं. मी नाही म्हणालो, भूमिका गेली. यूसुफ खानांनी दिलीपकुमार व्हायला कबूल केलं, त्याला आता ऐंशी वर्षं झाली. त्यांना दोष द्यायचा माझा अधिकार नाही. पण ऐंशी वर्षांनी तोच प्रश्न मला विचारला जातो, याचं दुःख आहे.

खोलीचंही तसंच. ब्रोकर फोनवर छान बोलतो, नाव सांगितल्यावर "सोसायटीला विचारून सांगतो" म्हणतो. तो फोन परत येत नाही. दीड महिना मी मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपलो. गाद्या विकणाऱ्याचा मुलगा गादीशिवाय, असं मित्र चिडवायचा.

हे कुणाला सांगितलं की एक उत्तर ठरलेलं असतं: "अरे, सिनेमात तर खानच राज्य करतात!" त्याला माझं म्हणणं असं. सलमान खान लेखक सलीम खान यांचे चिरंजीव. आमिर खान यांचे वडील ताहिर हुसेन निर्माते आणि काका नासिर हुसेन मोठे दिग्दर्शक. शाहरुख खान दिल्लीहून, सिनेमाची ओळख नसलेल्या घरातून आले आणि टीव्हीवरून वर चढले, हे खरंच मोठं आहे. पण शिखरावर तीन माणसं आहेत म्हणून पायथ्याशी वाट मोकळी आहे, असं सिद्ध होत नाही. वाट मोकळी आहे की नाही हे नायकाच्या भूमिकेवरून कळत नाही, चार दिवसांच्या भूमिकेवरून कळतं. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साडेअकरा टक्क्यांच्या आसपास मुसलमान आहेत. तुम्ही शेवटी पाहिलेले दहा मराठी चित्रपट आठवा. त्यात एक तरी मुसलमान असा आहे का, जो फक्त शेजारी आहे, किंवा बँकेत कारकून आहे, किंवा ज्याला दाढदुखी आहे? ज्याचा धर्म कथेला उपयोगी पडत नाही असा? आठवलं तर मला आनंदच होईल.

गादी

शेवटी ठरवलं की आपणच फिल्म करायची. धीर आला तो दोन गोष्टींमुळे. एक, नागराज मंजुळे यांची 'पिस्तुल्या'. अहमदनगरला शिकत असताना केलेली शॉर्टफिल्म, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे 'फँड्री' नि 'सैराट' आले. जे घर, जी गल्ली आपल्याला पाठ आहे तिथेच कॅमेरा लावायचा, हे तिथे दिसलं. दुसरं मालेगाव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 2000 साली यंत्रमागाच्या गावात, गावातल्याच माणसांना घेऊन, 'मालेगाव के शोले' काढला. फैजा अहमद खान यांनी त्यांच्या 'सुपरमॅन'च्या चित्रीकरणावर केलेला माहितीपट जगभर पाहिला गेला, आणि अलीकडे 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपटही आला. कामगार मुसलमानांच्या गावात सिनेमा हराम की हलाल ही चर्चा चालू असताना तिथली पोरं सायकलवर कॅमेरा बांधून ट्रॉली शॉट घेत होती.

माझी गोष्ट साधी. एक बाई गाद्यांचं दुकान चालवते. नवऱ्याने पूर्वी तिला तलाक देऊन दुसरं घर केलं. आता त्याच्या दुसऱ्या संसारातल्या मुलीचं लग्न आहे आणि जहेजच्या गादीची ऑर्डर हिच्याकडे येते. ती गादी नीट भरेल की नाही, एवढीच फिल्म. चित्रीकरण अब्बांच्या दुकानात, चार दिवस, लग्नाच्या व्हिडिओंतून साठवलेल्या पैशात. कॅमेरा मित्राचा, जेवण अम्मीचं.

फिल्म झाली आणि दोन बाजूंनी माणसं आली.

एका महोत्सवाच्या निवड समितीतल्या गृहस्थांनी आपुलकीने फोन केला. म्हणाले, फिल्म चांगली आहे, पण हे मुस्लिम घर आहे हे लवकर कळत नाही. एखादी अजान, एखादा मिनार, बाईला बुरख्यात बाहेर पडताना दाखव. मी खोटं बोलत नाही, मी ते केलं. सकाळी जाऊन मशिदीचा शॉट घेतला, अजान टाकली, नवी प्रत तयार केली. रात्री दुकानात लॅपटॉपवर अब्बांना दाखवली. अब्बा म्हणाले, "ये कायकू डाल्या? अजान तो रोज होती. हम कबी मुंडी फिराकू देखते क्या?" खरंच. दुकानात अजान ऐकू येते, पण तेव्हा कुणी काम थांबवून गंभीर चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत नाही. तसं फक्त सिनेमातले मुसलमान बघतात. मी तो शॉट काढून टाकला. त्या महोत्सवात फिल्म गेली नाही.

दुसऱ्या बाजूने जमातीतले एक ज्येष्ठ आले. त्यांनी अब्बांच्या दुकानात बसून चहा घेतला आणि म्हणाले, मुलाने तलाक दाखवायला नको होता. आधीच समाजाची बदनामी कमी होते का? मी म्हणालो, चाचा, अशी बाई आपल्या गल्लीत आहे की नाही? ते म्हणाले, आहे, पण ती आपल्यात आहे. मला त्यांची भीती समजते. आजच्या वातावरणात आपल्या घरातला कुठलाही दोष दुसरा कुणी दगड म्हणून उचलेल, ही भीती खोटी नाही. पण 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर गेल्या, तेव्हाही हेच ऐकवलं गेलं होतं: आता नको, वेळ बरोबर नाही. साठ वर्षं होत आली. त्या बायकांसाठी बरोबर वेळ कधी येणार होती?

महोत्सवातल्या गृहस्थांना माझ्या फिल्ममध्ये पाटी हवी होती, चाचांना पडदा हवा होता. गादी भरणारी बाई दोघांनाही दिसली नाही. मला वाटतं, आपल्यातून येणाऱ्या कलावंताची खरी अडचण इथे आहे. बाहेरचा म्हणतो, तुझ्या समाजाबद्दल सांग. आतला म्हणतो, सांगू नकोस. माणसाबद्दल सांगू द्या, असं दोघांनाही बजावण्याची हिंमत एकट्या पोराकडून येत नाही. त्यामागे थोडी तरी माणसं उभी लागतात.

एक भगिनी

आता जे अजून कुठे बोललो नाही ते.

त्या बाईच्या भूमिकेसाठी मला गावात नटी मिळाली नाही. मी चार घरी विचारलं. एका मुलीचे डोळे चमकले, पण उत्तर तिच्या भावाने दिलं. शेवटी पुण्याहून एक अनुभवी नाट्यकलावंत आल्या. त्या हिंदू आहेत आणि त्यांनी अप्रतिम काम केलं. तक्रार काहीच नाही, जागीरदारांचा मिर्झा मी पाहिलेला आहे. फक्त दखनी त्यांच्या तोंडी बसेना. डबिंग करावं लागणार होतं.

मी आपाकडे गेलो. ती आता शिक्षिका आहे, दोन मुलांची आई आहे. सासरच्यांनी विचार करून सांगितलं: आवाज चालेल, चेहरा नाही, आणि नाव नको. आम्ही अब्बांच्या गोदामात डबिंग केलं. चारी बाजूंनी गाद्या उभ्या केल्या, त्याहून चांगला साउंडप्रूफ स्टुडिओ बार्शीत नाही. आपाने दीड दिवसात सगळी फिल्म बोलून टाकली. एका जागी बाई गादी टोचता टोचता फक्त "अच्छा" म्हणते. आपाने तो "अच्छा" असा म्हटला की अब्बा उठून मशीनकडे गेले आणि उगाच पट्टा तपासत राहिले. वीस वर्षांपूर्वीचं शेंगा खाणाऱ्या पोरांचं थांबणं मला आठवलं.

श्रेयनामावलीत मी लिहिलं: 'आवाज : एक भगिनी'. लिहिताना मला बरं वाटलं होतं. सभ्य तोडगा वाटला होता. मालिकेवाल्याने माझं आडनाव गाळायला सांगितलं तेव्हा मी किती चिडलो होतो! आणि माझ्या स्वतःच्या फिल्ममध्ये मी आपाचं अख्खं नाव गाळलं. मलाही प्रेक्षकवर्गच बघावा लागला होता.

त्या कॉलेजातून परत आलो त्या रात्री तिला फोन केला. म्हणालो, आपा, तुझं नाव टाकायचंय. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तब कायकू नै पूछ्या रे?" मला वाटलं डबिंगच्या वेळचं म्हणते आहे. ती नववीतलं म्हणत होती. मी उत्तर दिलं नाही, कारण नव्हतंच.

तर त्या मुलाला

बाबा, आधी कामाचं सांगतो. थेट मुंबईला पळू नकोस. आधी एक हातातलं कौशल्य कमव: एडिटिंग, साउंड, लाइट, काहीही. नट महिनोन्महिने रिकामा बसू शकतो, एडिटर सहसा बसत नाही. एकांकिका कर, तिथे शिस्त लागते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे छोटे अभ्यासक्रमही असतात, त्यांची माहिती काढ. ऑडिशनचे पैसे कधीही देऊ नकोस. रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ, कार्ड काढून देतो म्हणून जो पैसे मागतो, तो तुला काम देणार नाही. आडनाव बदलायला सांगितलं तर काय करायचं ते तू ठरव. मी नाही म्हणालो, ती भूमिका गेली आणि तरी मी इथे आहे, एवढंच सांगतो.

आणि मोठ्यांना. शादीखाने आपण गावोगाव बांधले. लग्नाचे दिवस सोडले तर ते रिकामे असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ ते पोरांना तालमीसाठी द्या, महिन्यातून एक रात्र सिनेमा दाखवून चर्चा करा. 1990 साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा आपल्याला लिहिणारे हवे होते. आज दाखवणारेही हवे आहेत. डॉक्टर, इंजिनिअर, स्पर्धा परीक्षा यांच्या शिष्यवृत्त्यांत एखादी साउंड शिकणाऱ्या मुलीसाठी ठेवा. चित्र आणि संगीत यांबद्दल उलेमांत मतभेद आहेत, ते मला माहीत आहेत. पण आपल्या घराघरात टीव्ही आहे, निकाहाचा व्हिडिओ मीच एडिट करून देतो, आणि त्या वेळी हा मुद्दा कुणी काढत नाही. तो निघतो आपली मुलगी पडद्यावर दिसायला लागली की. मग हा प्रश्न पडद्याचा नाही, मुलीचा आहे, हे तरी प्रामाणिकपणे मान्य करू.

इंडस्ट्रीतल्या मित्रांनाही एक विनंती. कास्टिंगच्या जाहिरातीत 'मुस्लिम लूक' असं लिहिणं बंद करा. तसा लूक नसतो. आणि कधीतरी आम्हाला बँकेतल्या कुलकर्ण्याच्या भूमिकेसाठीही बोलवा. शांताराम बापूंना जमलं होतं.

आपाने चार दिवसांनी स्वतः फोन केला. घरात बोलणं झालं होतं. सासूबाई अजून नाराज आहेत, नवरा म्हणाला तुझी मर्जी. तिने मला विचारलं, आडनाव कुठलं टाकायचं, बापाचं की नवऱ्याचं? मी म्हणालो, तू सांग. ती म्हणाली, दोन्ही नको, माझं एकटीचंच टाक.

मी नवी प्रत तयार केली आहे. 'एक भगिनी' काढलं. पुढच्या महिन्यात बार्शीतच दाखवायचं ठरतंय, शादीखान्याचे विश्वस्त अजून हो म्हणालेले नाहीत. तिचं नाव मी या लेखात लिहीत नाही. ते आधी तिने स्वतः पडद्यावर वाचावं, अशी इच्छा आहे.